अण्णांनी सुचवलेलं पुस्तक

आमच्या कुरुंद्यात कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायच्या दोन जागा होत्या. एक आड आणि दुसरं आमच्या अण्णांचं वाचनालय. आडावर बायका बोलायच्या, म्हणून तिथलं सगळ्यांना ठाऊक असायचं. वाचनालयात कुणी बोलत नसे, पण कोण कोणतं पुस्तक काखेत घालून चाललंय एवढं बघितलं तरी पुरत असे. सुनेनं पाळण्यातल्या नावांचं पुस्तक नेलं की सासूला कळायच्या आधी गल्लीला कळायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते त्या वाचनालयाचे ग्रंथपाल, झाडूवाले, चावीवाले, सगळं तेच. गाव त्यांना अण्णाच म्हणायचं, मोठी माणसंसुद्धा. आणि मी ग्रंथपालाची मुलगी म्हणून उगाच नाक वर करून फिरायची. ते नाक कसं खाली आलं ते सांगायला बसले आहे, आणि या वयातही लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात, काय सांगू.

वाचनालय म्हणजे जुन्या चावडीतली एक लांबट खोली. लोखंडी कपाटं, पेपर वाचायला तिरप्या फळ्यांचं लांब टेबल, कोपऱ्यात माठ, आणि दाराबाहेर भिंतीला टांगलेला काळा फळा. बाजाराच्या दिवशी सकाळी अण्णा धोतराचा सोगा खोचून स्टुलावर चढायचे आणि फळ्यावर खडूनं त्या आठवड्याचं पुस्तक लिहायचे. नुसतं नाव नाही. खाली एक ओळ असायचीच, की हे कुणी वाचावं. ‘बांधावरून भांडणाऱ्या भावांनी वाचावे.’ ‘लेकीला शाळेतून काढायचे मनात असेल त्यांनी आधी हे वाचावे.’ बाजाराला आलेली माणसं फळ्यासमोर थांबायची आणि हसत एकमेकांना ढोसायची, ‘आज कुणाला हानलं रं अण्णानं?’ हा गावाचा खेळच होऊन बसला होता. अण्णांना वाटायचं, लोक पुस्तकासाठी थांबतात. निम्मे लोक रोख कुणावर आहे ते ओळखायला थांबायचे. अण्णांनी नाव कधीच लिहिलं नाही. नाव लिहीत नाही म्हणजे कुणाचं काही बिघडवत नाही, असा त्यांचा पक्का समज होता.

आताशा माझी नात फोन दाखवते आणि म्हणते, ‘आजी, बघ ना, मी काल मनात विचार केला आणि आज हा मला तेच दाखवतोय!’ तिला त्याचं फार कौतुक. मी म्हणते, बाई, आमच्या घरी असाच एक होता. पण तुझा फोन निदान चारचौघांत उभा राहून बोलत तरी नाही.

अण्णांचा स्वभाव वैद्याचा. माणूस दारात आला की आधी तोंड बघायचे. ‘झोप लागत न्हाई का रं? थांब, तुला एक देतो.’ आणि नेमकं काहीतरी काढून हातात ठेवायचे. पुष्कळदा ते लागूही पडायचं, खोटं कशाला बोलू. धाकटं पोरगं दगावल्यावर एक बाई कित्येक दिवस कुणाशी बोलत नव्हती. तिनं अण्णांनी दिलेलं पुस्तक वाचलं आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून पहिल्यांदा रडली. मी ते बघितलं आहे. म्हणून माझा अण्णांवर फार विश्वास होता. मायचा तेवढा नव्हता. माय म्हणायची, ‘लोकाच्या घरात पुस्तक घालून बघायची खोड लागली तुमाला. एखाद्या दिवशी बोट चिमटंल दारात.’ अण्णा हसायचे आणि भाकरीचा पापुद्रा काढून वरणात बुडवायचे.

घर आमचं दोन खोल्यांचं, पुढं पडवी, पडवीत दोन शेळ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळ्या गावाला हळदीचा वास असायचा. काहिलीत हळद शिजायची, मग अंगणाअंगणांत वाळत पडायची, आणि लेकरांच्या तळव्यांपासून शेळ्यांच्या तोंडापर्यंत सगळं पिवळं व्हायचं. अण्णांच्या पुस्तकांच्या कडासुद्धा पिवळ्या. वाचनालयातलं पुस्तक नाकाला लावलं तर अजून मला कागदाच्या आधी हळद आठवते. माय पहाटे जात्यावर बसायची, गिरणी आलेली असूनही. गिरणीचं पीठ जळकं लागतं म्हणायची. सकाळी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, संध्याकाळी येसराची आमटी. अण्णा जेवताना वाचायचे आणि माय रागानं आमटी जरा जोरात वाढायची, म्हणून आमच्याकडच्या कित्येक पुस्तकांत आमटीचे डाग होते.

महिन्यातून एकदा वाचनालयात बैठक असायची. सतरंज्या अंथरायच्या, एका अंगाला बाप्ये, एका अंगाला बाया, मधे लेकरं. कधी एखादा मास्तर येऊन गोष्टी सांगे, कधी पोरापोरींची पाठांतरं, कधी बायांचं हळदीकुंकू आणि वाणात एकेक पातळ पुस्तक. शेवटी अण्णा उभे राहायचे आणि महिन्याच्या पुस्तकातली दोन-चार पानं वाचून दाखवायचे. मग चिवडा नि चहा. गावात दुसरी करमणूक काय होती? पाहुणे आले तर पाहुण्यांनाही घेऊन लोक बैठकीला यायचे. आमचं गाव वाचणारं आहे, हे दाखवायचा तेवढाच मोका.

गोदावरी माझी मैत्रीण. आमच्या घराच्या मागची गल्ली ओलांडली की तिचं घर. तिचे वडील किसनमामा मेंढ्या राखायचे आणि थोडी शेती करायचे. गोदा सातवीनंतर शाळा सोडून घरकामाला लागली होती, पण वाचायची माझ्याहून जास्त. मेंढ्यांमागं जाताना ओच्यात पुस्तक. माझ्याशी बोलताना ती अर्धं बोलायची आणि अर्धं डोळ्यांनी. त्या उन्हाळ्यात तिनं पूर्ण बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं होतं, मनगटापर्यंत. एवढ्या उकाड्यात! मी तिला चिडवलं, ‘काय गं, शहरातली मास्तरीण झालीस काय?’ ती म्हणाली, ‘ऊन लागतं.’ मेंढ्यांमागं वाढलेल्या पोरीला ऊन लागतं, आणि मला ते खरं वाटलं. मी किती शहाणी होते बघा.

तिच्या दंडाला आतून पांढरा चट्टा उठला होता. कोपराजवळ दुसरा. कोड. आमच्याकडे ह्या शब्दाला माणसं घाबरायची, अजूनही घाबरतात. एकीला असलं की तिच्या बहिणींची लग्नं अडायची. गोदानं ते आईशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं, मलाही नाही. पण दुपारी वाचनालयात कुणी नसताना ती एकटी अण्णांकडे गेली आणि म्हणाली, ‘अण्णा, ह्याच्यावर काई पुस्तक असंल का?’ आणि बाही वर केली. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा अण्णा घरात चकार शब्द बोलले नाहीत, हेही खरं. पण ते कामाला लागले. पत्रं पाठवली, परभणीच्या मोठ्या वाचनालयात स्वतः एस.टी.नं जाऊन आले आणि कुणा डॉक्टरानं लिहिलेली एक पातळ पुस्तिका घेऊन आले. कोड लागट नाही, महारोग नाही, शिवण्यानं होत नाही, असं साध्या भाषेत लिहिलेली. ती त्यांनी गोदाला वाचायला दिली. तिनं वाचून परत आणून दिली. इथं गोष्ट संपायला हवी होती. चांगली गोष्ट झाली असती, अण्णांची उत्तम गोष्ट.

पण अण्णांना ती पुस्तिका फार आवडली होती. इतकी मेहनत करून आणलेली चीज एकाच माणसानं वाचावी हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं. चैत्रातल्या बैठकीला वाचायला त्यांनी तीच काढली.

आणि त्याच दिवशी कळमनुरीहून गोदाला बघायला पाहुणे आले. मुलगा, मुलाचे वडील आणि मामा. दुपारी बघणं झालं, पोहे झाले. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली, देण्याघेण्याचं बोलणं उद्या सकाळी करू असं ठरलं आणि ते मुक्कामाला थांबले. किसनमामांचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता. संध्याकाळी, उन्हं कलताना, ते मोठ्या हौसेनं पाहुण्यांना घेऊन बैठकीला आले. गोदाच्या आईनंही गोदाला माझ्याबरोबर पाठवलं. पोरगी वाचणारी आहे हे पाहुण्यांना दिसू दे, असं तिच्या मनात. आम्ही दोघी बायांच्या सतरंजीवर पुढंच बसलो. गोदा माझ्या कानात म्हणाली, ‘त्याचे कान लै मोठे हायेत गं,’ आणि आम्ही पदरात तोंड घालून हसलो.

अण्णांनी वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला होता त्यांचा. कोड म्हटल्यावर सतरंजीवर चुळबुळ झाली, पण लोक ऐकत होते. माझ्या शेजारी गोदा ताठ झाली ते मला जाणवलं, पण का ते कळलं नाही. वाचून झाल्यावर मागून कुणीतरी बाप्या म्हणाला, ‘अण्णा, हे आमाला काहून सांगून राहिले? आपल्या गावात कुणाला हाय व्हय?’

नाही म्हणायचं. एवढंच. किंवा चहा आणा म्हणायचं. पण अण्णांच्या डोळ्यांत फळ्यावर लिहिताना यायची ती चमक आली होती. ते म्हणाले, ‘हाय ना. एक लेकरू हाय. पर हिंमत बघा त्याची! सोता होऊन माज्याकडं आलं नि पुस्तक मागितलं. लग्नाचं वय, म्हून झाकून राहिलं बिचारं. आपण समद्यांनी त्याला धीर द्यायला पायजे का न्हाई?’

नाव घेतलं नव्हतं. पण बायांच्या सतरंजीवर मुंड्या फिरायला लागल्या, एकीची, मग दुसरीची. कुणी तोंड बघत नव्हतं, सगळ्या हात बघत होत्या. कोपरापर्यंतच्या बाह्या, उघडे दंड, बांगड्या. आणि त्यात एकच पोलकं मनगटापर्यंत. गोदानं बाही खाली ओढली. ती आधीच मनगटापर्यंत होती, तरी ओढली. पलीकडून कळमनुरीच्या मामानं हे सगळं बघितलं. ते तिघंही आवाज न करता उठले, चपला घातल्या, किसनमामांना ‘येतो’ म्हणाले. चिवड्याचं ताट तेवढ्यात आत आलं होतं आणि ते धरून उभ्या असलेल्या बाईला कुठं ठेवू हे कळेना. किसनमामा अण्णांकडे बघून म्हणाले, ‘अण्णा, तुमी...’ आणि तसेच पाहुण्यांच्या मागं धावले. गोदा उठली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झटकला. तिला वाटलं मला सगळं माहीत होतं आणि बापलेकींनी मिळून हे केलं.

घरी माय चुलीपुढं होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. तिनं पाठ न वळवताच विचारलं, ‘देवानं तुमाला तोंड दिलं का भोंगा?’ अण्णा पडवीत बसून राहिले. म्हणाले, ‘अगं, मी नाव कुटं घेतलं?’ माय परातीत भाकरी थापत होती, ती थांबली. ‘नाव घ्यायचं काय राहिलं होतं? पोरीला उभी करून फिरवायची राहिली होती.’ मला अण्णांचा इतका राग आला होता की त्यांच्या ताटाशी पाणी ठेवायलाही मी गेले नाही. आणि रागाहून लाज जास्त होती. सकाळी आडावर कशी जाणार? कुणाला तोंड कसं दाखवणार? मी सगळा विचार माझ्याच तोंडाचा केला. गोदाच्या तोंडाचा केला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा किसनमामांकडे गेले. मामांनी बसा म्हटलं नाही, मामीनं पाण्याचा तांब्या दिला नाही. आमच्याकडे शत्रूलाही पाणी देतात. अण्णा परत आले आणि त्यांच्या डोक्यानं घेतलं की हे आपण मोडलंय तर आपणच जोडायचं. कळमनुरीला जायचं आणि त्या माणसांना पुस्तिका वाचून दाखवायची. समज नाही म्हणून सोयरीक मोडली, समज दिली की जुळेल. पुस्तकानं झालेलं पुस्तकानंच निस्तरायचं, असं त्यांचं चाललं होतं. माय कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, एकटे जाल तर भांडायला आल्यावानी दिसंल, कुशीला घेऊन जा. कुशी म्हणजे मी, कुशावर्ता. मला मुळीच जायचं नव्हतं, पण गेले.

ती माणसं चांगली होती, हेच वाईट. ओसरीत घोंगडी अंथरली, चहा दिला, गूळ-शेंगदाणे दिले. अण्णांनी पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मुलाचे वडील मान डोलावत होते, आई चौकटीला टेकून ऐकत होती. मुलानं मधेच मला विचारलं, ‘तुमी बी वाचता का?’ मी व्हय म्हटलं. काय वाचता म्हणाला. मी सांगितलं, आणि जरा जास्तच सांगितलं. वाचन संपल्यावर मुलाचे वडील म्हणाले, ‘अण्णा, तुमचं बोलणं बराबर हाय. आमाला पटलं. पर आमचं भावकीचं घर, उद्या लोकं नाव ठेवतील. त्या पोरीचं न्हाई जमनार.’ मग घसा साफ केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुमची ही लेक मात्र आमाला आवडली. द्या आमच्या घरात. आमचं काई मागणं न्हाई.’

मी अण्णांकडे बघितलं. आता हे उठतील, मला वाटलं, टोपी घालतील आणि चल म्हणतील. अण्णा उठले नाहीत. आमची परिस्थिती, माझ्यामागं दोन बहिणी, समोर बागायती घर आणि काही मागणं नाही. मग ते खाली बघून म्हणाले, ‘घरी इचारतो. कळवतो.’

बाहेरच्या माणसाला ह्यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे ‘कळवतो’ म्हणजे निम्मा होकार. नकार द्यायचा असला तर लोक ‘पोरीचं वय लहान हाय’ म्हणतात, ‘पत्रिका बघू’ म्हणतात, काहीही म्हणतात, पण ‘कळवतो’ म्हणत नाहीत. तोंडावर नाही म्हणायला जीभ उचलत नाही म्हणून अण्णांनी ते म्हटलं, का खरंच मनात आलं म्हणून, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. कारण येताना एस.टी.त खिडकीशी बसून मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं! त्याचे कान काही फार मोठे नाहीत, असं मनात येत होतं. आग लागो त्या मनाला.

मायनं ऐकलं आणि माझ्या चुलत्याला तिथल्या तिथं कळमनुरीला पिटाळलं. आमाला ही सोयरीक नको, स्पष्ट सांगून ये. पण तोवर गावात बोभाटा झाला होता. अण्णानं किसनची पोरगी पाडली नि सोताची पुढं केली. लगीन मोडलं काहून ते आता कळलं. जो तो हेच बोलून राहिला होता. अण्णांना हे ऐकून आधी हसूच आलं, इतकं ते त्यांना अशक्य वाटलं. मग बायांनी वाचनालयात यायचं बंद केलं. नेलेली पुस्तकं लेकरांच्या हाती परत आली. बाप्ये यायचे, पेपर वाचायचे आणि जायचे. काय वाचू म्हणून अण्णांना कुणी विचारत नव्हतं. बाजाराच्या दिवशी ते स्टूल घेऊन बाहेर जायचे, फळा पुसायचे आणि पुसून आत यायचे.

गोदाकडे मी गेले नाही. एक गल्ली ओलांडायची होती. रोज सकाळी वाटायचं आज जाऊ आणि रोज लाज वाटायची. ती काय म्हणेल, मामी काय म्हणेल. मी आडावरची वाटसुद्धा बदलली, लांबून जायला लागले.

पुढच्या बैठकीला बायांची सतरंजी मोकळी होती. मी आणि माय, दोघीच कडेला बसलो होतो. अण्णांच्या हातात कुठलंसं पुस्तक होतं, पण त्यांना ते उघडवेना. तेवढ्यात गोदा आली. एकटीच. कोपरापर्यंतच्या बाह्यांचं जुनं पोलकं घालून, चट्टे सगळ्यांना दिसतील असे. ती आमच्याकडे न बघता मोकळ्या सतरंजीवर मधोमध बसली आणि म्हणाली, ‘अण्णा, आज कुणाचं सांगणार?’

बाहेर शेळी ओरडली ती आत ओरडल्यासारखी वाटली. अण्णांनी पुस्तक खाली ठेवलं. म्हणाले, ‘आज माजंच सांगतो, बाई.’ आणि त्यांनी सांगितलं. पोरगी भरवशानं आली होती आणि मी तो भरवसा चव्हाट्यावर मांडला. कळमनुरीला जोडायला गेलो आणि माझ्या लेकीला मागणं आलं तेव्हा माझ्या तोंडातून नाही निघालं नाही. लोभ झाला मला. बोलताना ते रडले. मी पदरात तोंड खुपसून बसले होते, कारण आता लोक माझ्याकडे बघत होते. पुढं बसलेले दोघं-तिघं म्हातारे म्हणाले, ‘जाऊ द्या अण्णा, मोठ्या मनाचं काम केलं तुमी.’ कुणी तरी डोळे पुसले. बैठकीला जरा बरं वाटायला लागलं होतं.

गोदा म्हणाली, ‘अण्णा, माज्या बापाकडं आलात. कळमनुरीला गेलात. आज गावाला बी सांगितलं. माज्याकडं कवा आलात?’

अण्णांनी खाली ठेवलेलं पुस्तक पुन्हा उचललं.

‘पुस्तक मला पायजे होतं. गावाला न्हाई. चूक झाली म्हणायचं होतं तं ते बी मलाच म्हणायचं होतं. ते बी तुमी गावालाच म्हणून राहिले.’ मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. ‘आन् तू? तुझं घर तं माज्या मागंच हाय.’

ती उठून गेली. चहा कुणी घेतला नाही. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं ग्रंथपाल होते, पण कुणाला आपणहून पुस्तक दिलं नाही. लोक हळूहळू सगळं विसरले, बाया परत आल्या, अण्णा, काहीतरी चांगलं सुचवा म्हणायच्या. अण्णा कपाटाकडे हात करून म्हणायचे, ‘बघा, तुमाला काय पायजे ते.’ गोदाला पुढं शिरड शहापूरला बिजवराला दिली. मी लग्न होऊन नांदेडला आले, शाळेत नोकरी केली, आणि आता रिकामपणी हे लिहायला घेतलं.

हे प्रकरण लिहून झालं, वाचून बघितलं. पुन्हा तेच. मी हे सगळ्या जगाला सांगून राहिले आणि गोदाला नाही. तेव्हा कागद पिशवीत घातले आणि नातवाला म्हटलं, मला शिरडला सोड.

गोदा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. हात, मान, चेहरा, सगळी पांढरी झालेली. मी बघतच राहिले तर म्हणाली, ‘बघतीस काय? आता चट्टा शोधायचा तं काळा शोधावा लागतो.’ आणि हसली. मला हसावं का नाही कळेना. तिनं चहा केला, नातवंडांची नावं विचारली. मग मी म्हटलं, एक वाचून दाखवायचंय. ती खाटेवर मांडी घालून बसली आणि मी हे सगळं वाचलं. पहिल्यांदाच ते तिला सांगत होते, तर ओळ सारखी चुकत होती. संपल्यावर ती ‘हं’ म्हणाली, उठली, शेळीच्या पुढ्यातला पाला सारखा केला, आणि परत येऊन बसली.

‘ही यमुना कोन?’

मी त्या कागदांत तिचं नाव बदललं होतं. लेखक लोक तसं करतात म्हणून. म्हटलं, ‘तूच गं. नाव नको घ्यायला म्हणून...’

‘तुझ्या बापानं बी न्हाई घेतलं,’ ती म्हणाली. ‘त्यानं नाव घेतलं असतं ना कुशे, तं मी तिथंच उठून बोलले असते. काय बोलले असते देव जाणे, पर बोलले असते. बिननावाची मी काय बोलणार होते? नुसती बाही ओढत बसले.’

माफ केलंस का, असं मी विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. मी चष्मा पुसला, पिशवीतून पेन काढलं, आणि तिच्यासमोर बसून पानापानावरची यमुना खोडून गोदावरी लिहीत गेले. ती शेजारी वाकून बघत होती, आणि एक राहिली तर बोट ठेवून दाखवत होती.